जर्मन पाणबुडीच्या कॅप्टनची कुंडली घरबसल्या कशी मांडायची

आमच्या घरात एक गोष्ट लहानपणापासून ऐकतोय. मार्च १९४३, आजोबा तेव्हा दहा वर्षांचे, रात्री बोगद्यावरून (मुरगावजवळचा भाग) गोव्याच्या मुरगाव बंदरात जाळ दिसला, जर्मनांची जहाजं पेटली होती. इथपर्यंत ठीक. पण वर्षं गेली तशी गोष्टीला शेपूट फुटलं, की त्या जहाजावरून चोरून वायरलेस जायचा आणि बाहेर समुद्रात एक जर्मन कॅप्टन तो ऐकून ब्रिटिशांच्या बोटी बुडवायचा. मग माझ्या मामेभावाने यूट्यूबवर काहीतरी बघून त्या कॅप्टनला नावसुद्धा चिकटवलं, वोल्फगांग ल्यूट. गेल्या चवथीला, म्हणजे गणपतीत, यावरून घरात एवढी हुज्जत झाली की म्हटलं आता बसून बघूच, हा माणूस युद्धात नेमका कधी कुठे होता. पावसाळाभर तेच केलं. कसं करायचं ते सांगतो, पद्धत कुठल्याही कमांडरला चालेल.

आधी नावाचा घोळ सोडवा. ल्यूटच्या रोमन स्पेलिंगमध्ये यू वर दोन टिंबं आहेत. काही जण ती टिंबं गाळतात, काही जण त्याऐवजी यूच्या पुढे ई लावतात, म्हणजे सर्च तिन्ही प्रकारे मारायचा. आणि पाणबुडीचा नंबर नीट बघायचा. मला एक फॉरवर्ड आला होता की नेताजींना ल्यूटने नेलं. नाही हो! नेताजी गेले ते यू-१८० मधून, कमांडर मुसेनबर्ग, ९ फेब्रुवारी १९४३ ला जर्मनीतल्या कीलहून निघाले आणि २८ एप्रिलला मादागास्करच्या बाजूला भर समुद्रात जपानी पाणबुडी आय-२९ वर चढले. ल्यूटची होती यू-१८१. एका आकड्याचा फरक, आणि व्हॉट्सॲपवर इतिहासच बदलला.

मग एक एक्सेल शीट उघडा, वहीपण चालेल, पण वहीत मधे ओळ घालता येत नाही आणि इथे ओळी सारख्या मधे घालाव्या लागतात. पहिल्यांदा फक्त सांगाडा घाला, जन्म, भरती, कुठली बोट कधीपासून. ल्यूटचा असा येतो: जन्म रीगा, १५ ऑक्टोबर १९१३. नौदलात १९३३. युद्ध सुरू झालं तेव्हा यू-३८ वर दुसऱ्याच्या हाताखाली. १९३९ संपता संपता यू-९ हातात आली, १९४० च्या उन्हाळ्यात यू-१३८, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यू-४३, आणि ९ मे १९४२ पासून यू-१८१.

आता प्रत्येक बोटीपुढे तिचा टाइप लिहा. हे लोक गाळतात आणि तिथेच फसतात. यू-९ आणि यू-१३८ या टाइप २ च्या छोट्या बोटी, युरोपच्या आसपास फिरायच्या, त्यांच्यात अरबी समुद्र शोधायचा म्हणजे होडी घेऊन मुंबईला निघाल्यासारखं. यू-१८१ मात्र टाइप ९डी२, जवळपास ८८ मीटर लांब, एकदा डिझेल भरलं की तीस हजार सागरी मैलांपर्यंतची मजल. म्हणजे आपल्या बाजूला यायची नुसती शक्यता धरायची तरी १९४२ च्या आधीचा ल्यूट सोडूनच द्यायचा. अर्धं काम तिथेच कमी झालं.

सांगाडा झाला की फेऱ्या भरायच्या. निघाला कधी, कुठून, परत आला कधी, कुठे. यू-१८१ च्या त्याच्याकडे दोन फेऱ्या. पहिली १२ सप्टेंबर १९४२ ला कीलहून, परत १८ जानेवारी १९४३ ला फ्रान्समध्ये बोर्दोला, दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावर १२ जहाजं बुडवली. दुसरी २३ मार्च ते १४ ऑक्टोबर १९४३, १० जहाजं. ही फेरी दोन्ही टोकांचे दिवस धरून २०६ दिवसांची. मी एक टोक सोडून मोजत होतो आणि माझं २०५ येत होतं, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. एवढे दिवस काढले कसे, तर जूनमध्ये मॉरिशसच्या दक्षिणेला शार्लोट श्लीमन नावाच्या जर्मन टँकरकडून तेल आणि सामान घेतलं. हे शीटमध्ये हवंच, नाहीतर फेरीचा हिशोब जुळत नाही.

या तारखा येतात कुठून, तर बोटीच्या रोजनिशीतून. जर्मन नाव क्रीगस्टागेबुख, सगळे केटीबी म्हणतात. १९४५ मध्ये जर्मन नौदलाचं हे सगळं दफ्तर ताम्बाखच्या किल्ल्यात दोस्त राष्ट्रांच्या हाती लागलं, त्याची मायक्रोफिल्म निघाली, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतं. जर्मन येत नसलं तरी घाबरू नका, अर्ध्या नोंदी वेळ, जागा, हवा, समुद्र एवढ्याच असतात, पन्नासेक शब्दांची यादी केली की भागतं. दोन अडचणी मात्र येतात. जागा अक्षांश-रेखांशात नसते, जर्मन चौकोनी नकाशात असते, दोन अक्षरं चार आकडे, आणि सगळ्यात बारीक चौकोन सहा सागरी मैलांचा. नेटवर कन्व्हर्टर आहेत, वापरा. आणि घड्याळ बर्लिनचं, बोट मॉरिशसला असली तरी. त्यामुळे मध्यरात्रीच्या आसपास बुडालेल्या जहाजाची तारीख ब्रिटिश कागदात एक आणि जर्मन कागदात दुसरी निघते. चूक कोणाचीच नसते, दोन्ही तारखा लिहून ठेवा.

टनांबद्दल जरा थांबतो, कारण आपण गोंयकार मांडवीत खनिजाच्या बार्जी बघत मोठे झालेले, दोन हजार टनांची बार्ज म्हटलं की दोन हजार टन माल असंच डोक्यात येतं. इथे तसं नाही. ल्यूटच्या नावावर ४६ व्यापारी जहाजं, २,२५,२०४ टन असं वाचाल, तो टन म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतली जागा, १०० घनफुटांना एक टन. शिवाय कमांडर रात्री अंधारात पेरिस्कोपमधून किंवा ब्रिजवरून, म्हणजे पाणबुडीच्या वरच्या टेहळणीच्या जागेवरून, बघून अंदाज ठोकायचा आणि तो बहुतेक वेळा फुगलेला असायचा. म्हणून दोन कॉलम, त्याने सांगितलेलं आणि युद्धानंतर तपासून निघालेलं. त्या तपासलेल्या आकड्याने तो ओटो क्रेचमर या दुसऱ्या जर्मन पाणबुडी कमांडरच्या खालोखाल येतो, पण मला विचाराल तर या नंबराच्या शर्यतीत फार रमू नये, जहाजांची नावं वाचायला लागलात की ती मजा आपोआप जाते.

मेडलं शेवटी भरा. मेडलांवरून करिअर लिहिलं की माणूस सिनेमातला हिरो होतो. बढत्या-मेडलांच्या यादीत हे येत नाही, की ४ फेब्रुवारी १९४१ ला त्याची यू-४३ फ्रान्समधल्या लोरियाँला धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत, आपल्याच लोकांच्या हलगर्जीपणाने पाणी शिरून बुडाली आणि मग बाहेर काढावी लागली. हेही येत नाही, की तो पक्का नाझी होता, विचाराने, नुसता युनिफॉर्मपुरता नव्हे. हिऱ्यांचं मेडल (हिरे जडवलेला नाइट्स क्रॉस) ९ ऑगस्ट १९४३ चं, म्हणजे तेव्हा तो हिंदी महासागरातच होता.

आता पलीकडची बाजू, आणि माझ्या मते खरं काम हेच. प्रत्येक जहाजापुढे झेंडा लिहा, माल लिहा, खलाशी कुठले ते लिहा. ९ मे १९४० ला यू-९ ने फ्रेंच पाणबुडी डोरिस बुडवली, तिच्यावरचा एकही वाचला नाही. मे १९४३ मधलं सिसिलिया तर स्वीडनचं, म्हणजे तटस्थ देशाचं, थांबवून तपासून मग बुडवलं. आणि ऑगस्टमधलं शेवटचं क्लान मॅकआर्थर ब्रिटिश. असल्या ब्रिटिश बोटींवर भांडारी, कुक, स्टुअर्ड हे कितीदा आपलेच तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे गोंयकार, असायचे, मुंबईला धोबीतलावच्या कुडीत (गोंयकारांच्या राहायच्या क्लबात) ट्रंक ठेवून बोटीवर चढलेले. ल्यूटच्या कुठल्या बोटीवर गोंयकार होते हे गृहीत धरू नका, जहाजाच्या नावाने शोधा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी फुकट बघता येते, त्यात हिंदी व्यापारी नौदलाचे सुमारे ६ हजार खलाशी आहेत ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही. फर्नांडिस टाकलंत तर ढीग येतो, पण काही नोंदींत बापाचं नाव किंवा गाव दिलेलं असतं, त्यावरून वेगळं करा. घरात कोणी तारवटी असेल तर आधी त्याची जुनी कागदपत्रं काढा, मग नेट.

आणि आता आमची चवथीची हुज्जत. गावगोष्ट तपासायची तर ती तोडून तुकडे करायचे आणि एकेक तुकडा तारखेवर ठेवायचा. जाळ: खरा. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या ब्रिटिश स्वयंसेवक पलटणींचे मध्यमवयीन हौशी सैनिक फीबी नावाच्या बार्जीतून तटस्थ पोर्तुगीज बंदरात घुसले आणि एहरनफेल्स या जर्मन जहाजावर चढले, तिचा कॅप्टन मारला गेला. जर्मन ड्राखनफेल्स, ब्राउनफेल्स आणि इटालियन अँफोरा त्यांच्याच खलाशांनी बुडवली. वायरलेस: हल्ला त्याच संशयावरून झाला, तोही तुकडा ठेवा. आता ल्यूट: शीट वर सरकवा. १८ जानेवारीला बोर्दोत आला, २३ मार्चला बोर्दोहून निघाला. म्हणजे जाळ लागला त्या रात्री यू-१८१ फ्रान्समध्ये होती, आणि त्याआधीचे सात आठवडेसुद्धा. नंतर हिंदी महासागरात पोचला तोवर मुरगावात ऐकायला काही उरलंच नव्हतं. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इकडे फिरणाऱ्या जर्मन बोटी दुसऱ्या होत्या, यू-१६०, यू-१८२ वगैरे, त्यासुद्धा दक्षिण आफ्रिकेत केप आणि डर्बनच्या बाजूला, डर्बन म्हणजे गोव्यापासून साडेसहा हजार किलोमीटरच्या वर.

शेवटची ओळ भरायला विसरू नका. ल्यूट समुद्रात मेला नाही. युद्ध संपून आठवडा झालेला, १३-१४ मे १९४५ ची रात्र, फ्लेन्सबुर्गजवळ म्युरविकच्या नौदल शाळेत त्याच्याच पहारेकऱ्याने हटकलं, उत्तर आलं नाही, गोळी घातली.

मामेभाऊ शीट बघून गप्प बसला. आजोबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, मी कुठे म्हटलं कोण कॅप्टन ते, मी जाळ बघितला. बरोबर आहे, नाव त्यांनी घेतलंच नव्हतं. मग मी शीटला अजून एक कॉलम जोडला, ‘कोणी पाहिलं’. ९ मार्च १९४३ च्या ओळीत यू-१८१ पुढे ‘बोर्दो, धक्क्यावर’, आणि शेजारी आजोबांचं नाव, वय १०, बोगद्यावरून.