पत्रा, काच आणि द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा: घरचा सोलर ड्रायर

आमच्या तासगाव साईडला बेदाण्याचं शेड बघितलं नाही असा माणूस सापडायचा नाही. वर छप्पर, बाजू मोकळ्या, आत जाळीचे थरावर थर आणि त्यावर द्राक्षं. मण्याला थेट ऊन लागतच नाही, तो वाळतो कोरड्या वाऱ्यावर. हे मी लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी बघतेय, तरी पहिला ड्रायर केला तेव्हा खोकं जास्त तापावं म्हणून सगळ्या फटी बंद केल्या. थर्मामीटर ७० च्या वर गेला, मला वाटलं झालं काम, आणि संध्याकाळी बघते तर काच आतून घामेजलेली, टोमॅटो उकडल्यासारखे मऊ, तिसऱ्या दिवशी बुरशी. उन्हानं पाण्याची वाफ होते पण ती वाफ बाहेर न्यायला हवा लागते, एवढं डोक्यात ठेवून खोकं बनवा, बाकी माप थोडं इकडं तिकडं झालं तरी चालतंय.

१२ एमएमचं ८ बाय ४ चं एक प्लायवूड पुरतं, उरतंही. तळ ४ फूट बाय २ फूट, पुढची बाजू ८ इंच उंच, मागची १७ इंच. मग वरच्या काचेला साधारण २० अंशाचा उतार येतो. आपण १७ अंश अक्षांशाच्या जवळपास आहोत त्यामुळं हा उतार बरोबर बसतो, फक्त उतरती बाजू दक्षिणेला पाहिजे, कारण डिसेंबर ते मार्च सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो. काच ४ एमएमची, एक अख्खी घेण्यापेक्षा २ फूट रुंद आणि उतारावर पुरतील असे साधारण २६ इंच लांब दोन तुकडे घ्या, फुटला तर एकच बदलायचा. भंगारात जुन्या खिडकीची काच मिळाली तर उत्तमच. काचेखाली जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवा, फट राहत नाही.

आता हवा. पुढच्या फळीला तळापासून दोनेक इंचावर एक इंची १५ भोकं ओळीनं पाडा, मागच्या फळीला अगदी वरच्या कडेला तेवढीच किंवा दोन-चार जास्त. खालनं गार हवा आत येते, तापून हलकी होते आणि वरनं ओल घेऊन बाहेर पडते, पंखाबिंखा काही लागत नाही. सगळ्या भोकांना आतनं मच्छरदाणीची जाळी लावा नाहीतर माश्या आणि चिलटं सोडत नाहीत. मागच्या फळीला बिजागऱ्या लावून दरवाजाच करा म्हणजे काच हलवायला नको.

तळाला द्राक्षाच्या पेटीच्या पुठ्ठ्याचे तीन थर घाला, आमच्याकडं सीझनला ढीग पडलेला असतो, त्यानं उष्णता खाली जात नाही. त्यावर पत्रा, आणि पत्र्याला मॅट काळा रंग. रंग वाळला म्हणून लगेच वापरू नका, तीन दिवस रिकामं खोकं उन्हात तापवा, वास पूर्ण जाऊ दे. ट्रे पत्र्यापासून चारेक इंच वर बसतील अशा पट्ट्या ठोका. ट्रेला जाळी स्टीलचीच घ्या. जस्ताच्या मुलाम्याची जाळी स्वस्त पडते पण कैरी, टोमॅटोचं आंबट जस्ताला खातं आणि ते आपल्या पोटात जातं, इथं पैसे वाचवू नका.

वापरताना आतलं तापमान ५० ते ६० मध्ये ठेवा. त्याच्या वर गेलं की दरवाजाला लाकडाचा तुकडा लावून बोटभर उघडा ठेवायचा. जास्त तापलं की फोड वरून कातडं धरते आणि आत ओली राहते, आणि असा माल डब्यात महिनाभरानं खराब होतो. टोमॅटोच्या चकत्या ४-५ एमएम, एकावर एक न ठेवता एकच थर, एका वेळी ३ किलोच्या वर घालू नका. चांगलं ऊन असलं तर दोन दिवस लागतात आणि ३ किलोचे २०० ग्रॅमच्या आसपास उरतात, कारण टोमॅटोत पाणीच ९४ टक्के. भाव पडून टोमॅटोला तोडणीचाही खर्च निघत नाही तेव्हा हे २०० ग्रॅम फार मोलाचे वाटतात बघा. कांदा वेगळ्या दिवशी लावा, त्याचा वास सगळ्याला लागतो. मेथी, कढीपत्ता, शेवग्याचा पाला असेल तर वर पातळ सुती कापड पसरा आणि दरवाजा जास्त उघडा ठेवा, थेट उन्हानं पाला पिवळा पडतो आणि जीवनसत्त्वंही जातात. कैरीच्या फोडींना मीठ लावून आंबोशी तर इतकी छान होते की आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, आता गच्चीवर वाळवण घालतच नाहीत, धूळ नाही, कावळे नाहीत, राखण नाही.

संध्याकाळी भोकांवर कापड कोंबा किंवा ट्रे घरात आणून झाका, रात्रीच्या गारव्यात वाळलेला माल परत ओल धरतो. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचे ढग येतात, त्या दिवसात सकाळी लवकर लावा.

वाळलं का बघायला एक फोड गार करून मोडा, गरम असताना सगळंच मऊ लागतं. पाला चुरचुरला पाहिजे, टोमॅटो चामड्यासारखा चिवट आणि दाबला तर ओल नाही. मग काचेच्या बरणीत पाऊण भरून आठवडाभर रोज हलवायचं. काचेवर आतनं दव दिसलं की सगळा माल परत एक दिवस ड्रायरमध्ये. दव नाही दिसलं तर झाकण घट्ट लावून अंधाऱ्या कपाटात ठेवा, आणि आमटीत घालायच्या आधी टोमॅटो १५ मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, ते पाणीही आमटीतच ओता.