पहिला डोस पाजण्याआधी: वनस्पती अर्काच्या लिपिड चाचणीची तयारी

वनस्पतीचा अर्क पाजून उंदराच्या रक्तातली चरबी (लिपिड) उतरते का, हे पाहण्याची ही तयारी. वनस्पतीची ओळख जाणकाराकडून पटवून घ्या, व्हाउचर नमुना (ओळखीचा पुरावा म्हणून जपायची वाळवलेली फांदी) हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा करा, त्याचा क्रमांक वहीत आला की मगच पानं वाळवायला घाला. अर्क एकाच खेपेत, पूर्ण चाचणीला पुरून उरेल एवढा काढा. पुढच्या खेपेतलं सॉक्सलेट (अर्क काढायचं काचेचं उपकरण) तेच असलं तरी पानं ती नसतात. द्रावक पूर्ण उडालाय का पाहा, उतारा (वाळलेल्या पानांतून किती अर्क निघाला ते) टक्क्यांत लिहा.

नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय प्राणी मागवू नयेत. गटात किती उंदीर आणि का, हे अर्जात पटवून द्यावं लागतं. ‘सगळे सहाच घेतात’ हे काही गणित नव्हे. मात्रा ठरवण्याआधी तीव्र विषाक्तता तपासा. ओईसीडी 423 या विषाक्तता चाचणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पायरीला तीनच प्राणी लागतात.

खरा वेळ मॉडेल, म्हणजे प्राण्यात चरबी वाढवायची पद्धत, निवडण्यात घालवा. ट्रायटन डब्ल्यूआर-1339 हे रसायन टोचलं की लिपोप्रोटीन लायपेज या रक्तातली चरबी फोडणाऱ्या विकराचं काम अडतं, रक्तात ट्रायग्लिसराइड तुंबतं आणि एक-दोन दिवसांत आकडे मिळतात. पण त्यावरून लठ्ठपणा किंवा आहाराबद्दल बोलता येत नाही. आहाराने वाढणारं कोलेस्टेरॉल पाहायचं तर कोलेस्टेरॉल आणि कोलिक आम्ल (एक पित्ताम्ल) घातलेला खुराक कित्येक आठवडे द्यावा लागतो. त्यातही उंदराच्या रक्तात सीईटीपी (एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल इतर कणांत हलवणारं प्रथिन) नसतं, त्याचं बरंचसं कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) फिरतं. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध दिलं तरी कोलेस्टेरॉल माणसाइतकं उतरत नाही, तेव्हा तुलनेचं औषध डोळे झाकून निवडू नका. प्रश्न एलडीएलचाच (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) असेल तर हॅमस्टरचा विचार करा.

एलडीएल मोजायचं कसं, हेही आत्ताच ठरवा. बाकीच्या लिपिड आकड्यांवरून एलडीएल काढणारं फ्रीडवाल्डचं सूत्र 1972 चं, माणसांच्या रक्तावर बेतलेलं. ट्रायग्लिसराइड 400 मिग्रॅ प्रति डेसीलिटरच्या वर गेलं की ते माणसातसुद्धा चालत नाही. ट्रायटन दिलेला उंदीर ही रेषा सहज ओलांडतो. तरीही प्रबंधांमधून ते बिनधास्त वापरलेलं दिसतं, उणे आकडा आला तरी कुणी दचकत नाही!

सामान्य गट, रोगट गट, औषधाचा गट आणि अर्काच्या निदान दोन मात्रा हवेत. अर्क ज्या सीएमसीत (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या घट्टसर द्रावणात) कालवणार तेच बाकीच्यांनाही पाजा. गटवाटप सोडतीने करा, नमुने तपासणाऱ्याला गट कळू देऊ नका. रोज घातलेला आणि उरलेला खुराक वजन करून नोंदवा. अर्काने भूकच मारली असेल तर चरबी आपोआप उतरते आणि श्रेय मात्र वनस्पतीला जातं. शंका असली तर तेवढंच खाणारा जोडगट ठेवा.

रक्त घेण्याआधी रात्रभर उपाशी ठेवताना पाणी चालू राहू द्या. भुलीची सोय आधीच करून ठेवा. रक्तपेशी फुटून लालसर झालेलं सीरम बाजूला काढायचं ठरलेलं असू द्या. गडद रंगाच्या अर्काचा थेंब साध्या सीरममध्ये घालून किटवर एकदा चालवून पाहा. आकडा हलला तर तपासणीची पद्धत बदला.