ट्रॅक्टर धुण्याच्या आधी

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन झेंडूची माळ घालायची, हे कृष्णाकाठी घरोघरी चालतं. यंदा धुण्याच्या दोन दिवस आधी त्याच्याकडे नीट बघा. धूळ ज्या जागी ओलसर होऊन चिकटली आहे, तिथेच कुठेतरी गळती आहे, आणि पाण्याचा फवारा मारला की ही खूण पुसली जाते. आमच्या वाळवा तालुक्यात पंचवीस-तीस वर्षांचे महिंद्रा, मॅसी, एचएमटी अजून ऊस ओढतात. माझ्या अनुभवात ते इंजिनामुळे क्वचित अडतात. डिझेलमधली हवा, बॅटरी आणि कचरा यांनीच जास्त अडतात. म्हणून इंजिन खोलायच्या आधी हे सगळं बघून घ्यावं.

फिल्टरखालचा बोल्ट सैल करून पहिलं डिझेल काचेच्या बरणीत धरा. तळाला पाणी किंवा गंज बसला, तर फक्त फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल. मग टाकीपासून, तिच्यातलं डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतची रबरी नळी बोटांनी वाकवून बघा. माझा ट्रॅक्टर एका हंगामात टाकी भरलेली असली की गुमान चालायचा आणि अर्ध्यावर आली की चढाला बंद पडायचा. एका मिस्त्रीने डिझेल पंप खोलायला सांगितलं होतं. दोष निघाला नळीच्या क्लिपखालच्या केसाएवढ्या चिरेत. फीड पंप ओढतो तेव्हा अशा चिरेतून आत हवा जाते, बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही. नळी आणि तांब्याचे वायसर स्वस्त असतात, दर हंगामाला नवे घाला.

हवा काढायची ती क्रमाने. आधी फिल्टरचा स्क्रू सैल करा आणि फेस थांबेपर्यंत फीड पंपावरचा हातपंप मारा. डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. तसंच डिझेल पंपाचं करा. शेवटी इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचे नट सैल करून सेल्फ मारा. त्या धारेपाशी हात नेऊ नका. दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि त्याची जखम वाईट असते.

बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी सोडा. पांढरा क्षार गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा आणि अर्थची पट्टी चॅसीला जिथे बसते ती जागा घासून चकचकीत करा. सेल्फ नुसता ‘टक’ करतो तेव्हा बहुतेक वेळा इथेच दुखणं असतं. रात्रभर उभ्या असलेल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत.

एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल बदला, खुणेइतकंच भरा. रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा चुरा घट्ट बसलेला असतो. तो इंजिनाच्या बाजूने बाहेर पाणी मारून काढा, उलट मारलं तर आणखी आत जाईल. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, मग मात्र मिस्त्रीच लागेल. गरम झाल्यावर निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा धूर आला तर आधी एअर क्लीनर बघा.

ब्रेकवर कंजुषी नको. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना कडीने अडकवलेली हवीत आणि दाबल्यावर दोन्ही चाकं सारखी धरायला हवीत; भरलेल्या ट्रॉलीखाली एकच चाक धरलं की ट्रॅक्टर आडवा होतो. हुकाची पिन झिजली असेल तर बदला, तिची क्लिप तारेने बांधून भागवू नका. ट्रॉलीमागचे रिफ्लेक्टर धुवा. पेठ नाक्याकडे अंधारात उभी ट्रॉली मागच्याला त्यांच्यामुळेच दिसते. आरसी 15 वर्षांनी नूतनीकरणाला येते, तारीख बघून ठेवा.

शेवटी भरलेली ट्रॉली लावून एक फेरी मारा आणि रात्री इंजिनाखाली कोरा पुठ्ठा टाका. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावर खडूने खूण करा, ती गळती काढा, आणि मग ट्रॅक्टर धुवायला घ्या.