कीबोर्डमधल्या स्टाईल्स आणि टोन सांभाळताना या चुका टाळा

गणपतीत आरत्या आणि भावगीतं, नवरात्रात देवीची गाणी, मग लग्नसराईतल्या हळदी. कोल्हापुरात वर्षभर कार्यक्रम करणाऱ्या वादकाकडे स्टाईल्सचा, म्हणजे ठेका आणि साथ आपोआप वाजवणाऱ्या फाईल्सचा, ढीग साठतो. कोणी पेनड्राईव्हवर देतं, कोणी व्हॉट्सॲपवर पाठवतं. तो नीट लावायचा राहून जातो आणि गडबड ऐन स्टेजवर उघडी पडते.

स्टाईल, टोन (वाद्याचा आवाज) अशी सगळी मांडणी एका बटणावर साठवणं म्हणजे रजिस्ट्रेशन. त्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: ‘रजिस्ट्रेशनचं बटण दाबलं, टोन आला, पण ढोलकी लागलीच नाही.’ यामाहाच्या पीएसआर-एस आणि एसएक्स मालिकेत रजिस्ट्रेशन बाहेरून घेतलेली स्टाईल पोटात साठवत नाही. ती फाईल कुठल्या फोल्डरमध्ये, कुठल्या नावानं आहे, एवढंच ते टिपून ठेवतं. तुम्ही नंतर फोल्डर आवरलात किंवा फाईलचं नाव बदललंत की तो पत्ता चुकतो. म्हणून आवराआवर आधी, रजिस्ट्रेशन मागाहून. हलवून झालं असेल तर फाईल जुन्या जागी, अगदी जुन्याच नावानं ठेवा, बटण पुन्हा चालेल. रोजच्या स्टाईल्स पेनड्राईव्हवरून न वाजवता कीबोर्डच्या यूजर मेमरीत (कीबोर्डमधल्याच तुमच्या साठवणीत) घ्या आणि रजिस्ट्रेशन तिथूनच करा.

बटणावर मेमरी केली म्हणजे काम झालं, असं समजू नका. बँकेची (रजिस्ट्रेशनच्या बटणांच्या संचाची) फाईल सेव्ह न करता दुसरी बँक उघडलीत तर त्या बटणांवरचं सगळं जातं.

दुसऱ्याकडून आणलेली हलगीची स्टाईल तुमच्याकडे भलतीच वाजते, तेव्हा फाईल खराब आहे असं लगेच ठरवू नका. साध्या स्टाईलमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज नसतो. कुठला टोन कधी वाजवायचा, एवढ्या सूचना असतात. हलगीचे आवाज एक्सपान्शन पॅकमधले (कीबोर्डवर वेगळ्यानं टाकलेल्या जादा आवाजांच्या संचातले) असतील आणि तो पॅक तुमच्या कीबोर्डवर नसेल, तर त्या जागी दुसराच ड्रम वाजतो किंवा शांतता. स्टाईल घेताना ती कुठल्या मॉडेलवर, कुठल्या पॅकवर बनवली ते देणाऱ्याला विचारूनच घ्या.

कॉर्गच्या पीए मालिकेवर वेगळा धोका आहे. मित्राचा अख्खा सेट (स्टाईल्स, टोन वगैरे सगळं एकत्र असलेला फोल्डर) लोड केला तर तुमच्या यूजर स्टाईल्स आणि टोन पुसले जाऊ शकतात. सेट उघडून आतली हवी तेवढीच स्टाईल घ्या. त्याआधी स्वतःचा सेट सेव्ह करा.

पट्टीचाही घोळ होतो. गायिका काळी एकमध्ये गात असते, तुम्ही अंतऱ्याला बासरीसाठी बटण बदलता आणि ट्रान्सपोज (पट्टी वर-खाली करणारी सोय) पांढरी एकवर उडी मारतो, कारण रजिस्ट्रेशन करताना तोही साठवला गेला होता. मेमरी करताना ट्रान्सपोजसमोरची खूण काढून टाका किंवा फ्रीझमध्ये (बटण बदललं तरी ठरावीक गोष्टी न बदलू देणारी सोय) ट्रान्सपोज धरून ठेवा. माझ्या मते गायकांना साथ करणाऱ्यानं फ्रीझ आधी शिकावं, नवे टोन नंतर.

नावं देताना ‘न्यू१’, ‘फायनल२’ नको. आधी कार्यक्रमातला क्रमांक, मग गाणं, ठेका, लय. क्रमांक ०१, ०२ असा दोन आकडी लिहा. नाहीतर यादीत १ च्या मागोमाग १० येऊन बसतो.

पेनड्राईव्हचा दिवा लुकलुकत असताना तो उपसू नका, आणि तेव्हा वीज गेली तरी फाईल बिघडू शकते. सगळ्याची एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर आणि एक दुसऱ्या पेनड्राईव्हवर ठेवा. ‘फॉरमॅट’ (म्हणजे सगळं पुसणं) विचारलं तर ‘हो’ म्हणण्याआधी ती प्रत उघडते का, ते पाहून घ्या.