भिंतीवरचा स्प्रे काढायचाय? आधी थिनरचा डबा बाजूला ठेवा

सकाळी फाटक उघडावं आणि कंपाउंडवर कुणाचं तरी नाव, बाण मारलेला बदाम, नाहीतर शिकवणीवर्गाचा मोबाइल नंबर दिसावा, हे नागपुरात कुणाला नवीन नाही. लक्ष्मीनगरातल्या आमच्या गल्लीत आणि आजूबाजूच्या वस्त्यांत मी बारा वर्षांपासून भिंती साफ करते आहे. या काळात जितक्या भिंती लिहिणाऱ्यांनी बिघडवल्या, जवळजवळ तितक्याच चुकीच्या सल्ल्याने बिघडलेल्या पाहिल्या. म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी फोटो काढा, आणि त्याच दिवशी कामाला लागा. स्प्रेचा रंग काही मिनिटांत हाताला वाळलेला लागतो, पण आतून घट्ट व्हायला त्याला काही दिवस लागतात. पहिल्या एक-दोन दिवसांत जो रंग अर्ध्या तासात सुटतो, तोच महिन्याभराने अख्खा दिवस खातो. शिवाय एक नाव भिंतीवर राहिलं की शेजारी दुसरं येतंच. मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की रविवारची वाट पाहा म्हणणाऱ्याचं मी ऐकत नाही.

दुसऱ्याची भिंत असेल तर मालकाला विचारा. महावितरणची डीपी (रस्त्यावरची वीजवाटपाची पेटी) किंवा मीटरपेटी असेल तर हात लावू नका, त्यांना कळवा. रस्त्यावरच्या दिशाफलकांनाही थिनर लावू नका, रात्री चमकणारा थर कायमचा जातो. झिरो माइलचा स्तंभ किंवा महालातला गांधी दरवाजा अशा वारसा वास्तूंवर काही खरडलेलं दिसलं तर फोटो काढून महापालिकेला कळवायचं, बस. तिथे आपला ब्रश चालवायचा नाही.

आता भिंत ओळखा. काच, चकचकीत टाइल्स, स्टीलचं फाटक: चिंधीवर थिनर घेऊन पुसा, उरलेलं ब्लेडने काढा. ऑइलपेंट दिलेलं लोखंडी फाटक असेल तर थिनर नको, फाटकाचाच रंग सुटेल. तिथे टर्पेंटाइन घ्या आणि हलक्या हाताने पुसा.

डिस्टेंपर किंवा इमल्शन दिलेलं प्लास्टर असेल तर घासत बसू नका, रंगच द्या. मात्र मार्करची शाई आणि खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पिचकारीचा डाग पाण्याच्या रंगातून हमखास वर येतो. दोन हात मारा, तीन मारा, आठवड्याने पिवळट-लाल डाग पुन्हा हजर. यावर सुताराकडचा उपाय चालतो: चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून त्या डागावर एक पातळ हात द्या. अर्ध्या तासात वाळते. त्यावर रंग दिला की डाग खालीच राहतो. रंग देताना डागापुरता चौकोन रंगवू नका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भिंतीची अख्खी बाजू रंगवा. चौकोन दिसला की लिहिणाऱ्याला नवी पाटी मिळते.

खरी अडचण पुढे आहे: उघडी वीट, काळा दगड, रंग न दिलेलं सिमेंट.

आमच्या कंपाउंडला खाली काळ्या दगडाचा थर आहे आणि वर उघड्या विटा. पहिल्यांदा तिथे लाल स्प्रे मारलेला दिसला, तेव्हा रंगाच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, थिनर मारा न, जाते निघून." मी दोन लिटर थिनर आणलं, चिंध्या घेतल्या आणि तीन तास घासलं. अक्षरं गेली. पण त्यांच्या जागी हातभर रुंदीचा गुलाबी पट्टा पसरला आणि तो आजही तिथेच आहे. वीट पाणी पिते तसा रंगही पिते. वर बसलेला घट्ट रंग थिनरने पातळ केला की तो बाहेर येत नाही, विटेच्या छिद्रांतून आत उतरतो. घासण्याने आपण त्याला आणखी आत ढकलतो. एवढी एक गोष्ट मला त्या दिवशी कुणी सांगितली असती तर ती भिंत वाचली असती.

त्यामुळे अशा भिंतीवर रंग पुसायचा नसतो, ओढून काढायचा असतो. मी करते ते असं.

वेळ पहाटेची, भिंत सावलीत असताना. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तापलेल्या विटेवर कुठलंही औषध काम करण्याआधीच उडून जातं. उन्हाळ्यात साडेसातच्या पुढे मी हात लावत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिवसभर जमतं. आधी डागाच्या खालची आणि आजूबाजूची भिंत पाण्याने चिंब करा. डाग मात्र कोरडा ठेवा. छिद्रांत पाणी भरलेलं असलं की सुटलेला रंग तिथे शिरत नाही आणि खाली ओघळ उमटत नाहीत.

मग पातळ थिनर नाही, घट्ट जेलसारखं पेंट रिमूव्हर घ्या. आधी कोपऱ्यातल्या एका विटेवर लावून पाहा. ठीक वाटलं तर डागावर जाड थर द्या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. रंग सुरकुतला की लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचलून घ्या, घासू नका. खालून वर जा. वरून सुरुवात केली तर ओघळ डागाच्या खालच्या, कोरड्या ठेवलेल्या भागात मुरतात.

बराचसा रंग इथे निघतो, पण छिद्रांतली सावली उरते. तिच्यासाठी लेप. रंगाच्या दुकानात मिळणारी चॉक पावडर त्याच रिमूव्हरमध्ये कालवा, थालीपिठाच्या पिठाइतकी सैल. अर्धा इंच जाडीचा थर डागावर थापा, वर पॉलिथिन लावून कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन-तीन तास सोडा. मग पॉलिथिन काढा आणि लेप तसाच वाळू द्या. ही वाळण्याची पायरी लोक गाळतात आणि लेपाला नावं ठेवतात. लेप वाळताना ओल भिंतीकडून बाहेर येते आणि विरघळलेला रंग सोबत घेऊन येते. पूर्ण वाळला की तो आपोआप तडकतो, मग पट्टीने काढा आणि साबणाच्या पाण्याने नायलॉनचा ब्रश फिरवा. एका लेपात भागलं नाही तर दुसरा, तिसरा. मी एका दगडावर चार दिले आहेत.

जाड रबरी हातमोजे आणि चष्मा लागतोच. दवाखान्यातले पातळ मोजे यात टिकत नाहीत. रिमूव्हरची वाफ जड असते, खाली साचते, म्हणून बंद जिन्यात किंवा तळघरात हे काम करू नका. खरवडलेला रंग आणि लेप कागदावर गोळा करा, नालीत ढकलू नका. आपली नाली नागनदीला मिळते, नागनदी कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला. ते पाणी पुढे लोकांच्या शेतात जातं.

तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे कण दगडात अडकून गंजतात आणि पहिल्या पावसात तपकिरी डाग देतात. संडास धुण्याचं ॲसिड तर मुळीच नको. शहाबादी फरशी चुनखडीची असते, ॲसिड पडताच फसफसते आणि खरबरीत होते. विटांमधलं सिमेंटही खाल्लं जातं. गाड्या धुण्याचं प्रेशर मशीन चालेल, पण पसरट फवारा ठेवून आणि निदान फूटभर लांबून.

पुन्हा लिहू नये म्हणून काय करायचं? आमच्याकडे दोन गोष्टींनी फरक पडला. अंधाऱ्या कोपऱ्यावर दिवा बसवला आणि लांबलचक कोऱ्या भिंतीवर बोगनवेल सोडली. काटे आणि पानं असली की स्प्रेला जागाच मिळत नाही. विटेवर पारदर्शक संरक्षक थर द्यायचा असेल तर भिंत पूर्ण वाळल्यावर, पावसाळ्याआधी द्या. ओलीवर दिला तर आत पाणी कोंडून पोपडे निघतात.

देवांच्या टाइल्स लावा, हा सल्ला सगळे देतात. मला तो पटत नाही. त्या टाइल्सवरही पिचकाऱ्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत आणि मग पुसणाऱ्या माणसाच्या जिवाला जे लागतं ते कुठल्या डागापेक्षा वाईट असतं. भिंत वाचवायला देवाला रस्त्यावर उभं करू नये.

तोच माणूस पुन्हा पुन्हा लिहीत असेल तर तक्रार करा. भिंत विद्रूप करणं हा महाराष्ट्रात १९९५ च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नंबर लिहिलेला असेल तर सुरुवातीचा फोटो इथे कामी येतो. थुंकणाऱ्यांसाठी महापालिकेचं उपद्रव शोध पथक आहे.

आणि भिंत रंगवून झाली की उरलेला रंग फेकू नका. डब्यावर तारीख आणि शेड नंबर लिहा, झाकण घट्ट लावून फाटकाजवळच्या कपाटात ठेवा. पुढच्या वेळी दुकान उघडायची वाट पाहावी लागणार नाही.