गुळाचे चमकणारे कण रक्तात सोडण्यालायक आहेत का, हे कसं तपासायचं

एमएस्सीच्या प्रोजेक्टचा हंगाम आला की आपल्याकडे कुणी ना कुणी गुळापासून कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे चमकणारे अतिसूक्ष्म कण, करतंच. कोल्हापुरात गुळाला तोटा नाही. तो पाण्यात विरघळवायचा, टेफ्लॉनच्या भांड्यात घट्ट बंद करून ओव्हनमध्ये तापवायचा, आणि ते तपकिरी पाणी यूव्ही टॉर्चखाली निळं चमकलं की रिपोर्टमध्ये वाक्य पडतं: गूळ नैसर्गिक, त्यामुळे हे कण हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या इमेजिंगसाठी सुरक्षित. हे वाक्य मी दरवेळी खोडते. माझ्या वडिलांना स्टेंट बसवलाय, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, मूत्रपिंड थकल्याची खूण असलेलं क्रिएटिनिन वाढलेलं असतं. हे कण ज्याच्या शिरेत जायचे तो पेशंट असाच असणार.

सुरुवात गुळापासूनच करा. पिवळाधमक गूळ नको. तो रंग यावा म्हणून बऱ्याचदा हायड्रोस पावडर घातलेली असते, आणि त्यातलं गंधक तुमच्या कणांत उतरू शकतं. भेंडीच्या चिकट रसाने मळी काढलेला काळसर गूळ ओळखीच्या गुऱ्हाळावरून आणा आणि सगळं काम एकाच ढेपेतल्या गुळावर करा.

पुढची पायरी सगळेच घाईत उरकतात. ओव्हनमधून निघालेल्या पाण्यात कणांबरोबर लहान चमकणारे रेणूही असतात, आणि कधी कधी बरीचशी चमक त्यांचीच असते. ते पाणी 1000 डाल्टनच्या, म्हणजे त्याहून हलके रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या, डायलिसिस पिशवीत भरा, पिशवी शुद्ध पाण्याच्या बीकरमध्ये सोडा, मॅग्नेटिक स्टररवर ठेवा. काही तासांनी अंधार करून बाहेरच्या पाण्यावर टॉर्च मारा. निळी झाक दिसली की पाणी बदला. झाक पूर्ण जाईपर्यंत हे चालू ठेवायचं, दोन-तीन दिवस गेले तरी चालतील. शेवटी पिशवीत जे चमकतं तेवढंच तुमचं. तेवढ्यावरच पुढच्या चाचण्या करा.

पेशी जिवंत आहेत का हे बघणाऱ्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगाचा जांभळा करतात आणि आपण तो 570 नॅनोमीटरला मोजतो. पण तपकिरी कण स्वतःही प्रकाश शोषतात, आणि काही कण तर पेशी नसतानाही एमटीटीचा रंग बदलतात. मेलेल्या पेशी मग कागदावर जिवंत दिसतात. म्हणून प्लेटमध्ये एक ओळ फक्त कण आणि एमटीटीची ठेवा, पेशी अजिबात नकोत. त्याशिवाय मेलेल्या पेशी निळ्या करणारा ट्रायपॅन ब्लू घालून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी डोळ्यांनी मोजा.

रक्तावरच्या चाचण्यांसाठी आधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्या. धुतलेल्या लाल पेशींत कण घालून 37 अंशाला ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या द्रावात सुटलेलं हिमोग्लोबिन 540 नॅनोमीटरला बघा. सोबत तुलनेसाठी एक नळी नुसत्या पीबीएसची (या खारट द्रावात पेशी फुटत नाहीत), एक ट्रायटॉनची (या साबणासारख्या रसायनात सगळ्या फुटतात). 5 टक्क्यांच्या वर पेशी फुटल्या तर ते कण शिरेत द्यायचा विचार सोडा. इथेही कणांचा स्वतःचा रंग वजा करायला विसरू नका.

हृदयरोगासाठी मात्र एवढ्यावर भागत नाही, गुठळी होते का हेही बघावं लागतं. सायट्रेटच्या नळीतला प्लाझ्मा घ्या, ईडीटीएचा चालत नाही. कण घालून आणि न घालता पीटी व एपीटीटी, म्हणजे गोठायला किती वेळ लागतो ते, काढा, आणि जमलं तर प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात का तेही तपासा.

एन्डोटॉक्सिनकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. ऑटोक्लेव्हमध्ये जीवाणू मरतात, पण त्यांचं हे विष तसंच राहतं आणि शिरेत गेलं तर ताप आणतं, रक्तदाब पाडतं. एन्डोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करा, आणि कण तिच्यात ढवळाढवळ करतात का हे बघायला ठरावीक एन्डोटॉक्सिन मुद्दाम घालून परत मोजा.

आकार पाण्यात मोजून थांबू नका, प्लाझ्मातही मोजा. साधारण 5.5 नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून बाहेर पडतात, मोठे बहुतांशी यकृत आणि प्लीहेत अडकतात. रक्तातली प्रथिनं चिकटली की लहान कणही मोठा होतो. मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल तर लहान कणांचाही भरवसा नाही.

राहिली निळी चमक. निळा प्रकाश मांसातून फार आत जात नाही. म्हणूनच अशा इमेजिंगला 1959 पासून अमेरिकेत मंजूर असलेला इंडोसायनिन ग्रीन हा रंग वापरतात; तो 800 नॅनोमीटरच्या आसपास, डोळ्यांना न दिसणाऱ्या नियर-इन्फ्रारेडमध्ये चमकतो. तुमचे कण निळेच असतील, तर रिपोर्टमध्ये इमेजिंगचा दावा करू नका. कोणत्या मात्रेला, किती तास, कुठल्या पेशींवर आणि कुणाच्या रक्तावर काय दिसलं तेवढंच लिहा. निरोगी विद्यार्थ्यांचं रक्त वापरलं असेल तर तसं स्पष्ट लिहा.