स्क्रीन काळीच राहते? डिस्प्ले ड्रायव्हर झोपवताना या चुका टाळा

झाकण उघडलं, पंखा फिरला, कीबोर्डचे दिवे लागले, स्क्रीन मात्र काळी. असा बग आला की बहुतेक जण रिझ्यूमचा, म्हणजे मशीन उठतानाचा, कोड उघडून बसतात. नागपूरच्या मिहानमध्ये नाहीतर गायत्रीनगरच्या आयटी पार्कात ड्रायव्हरवर, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडवर, काम करणाऱ्या पोरांना माझं एकच सांगणं असतं: रिझ्यूम राहू द्या भाऊ, आधी सस्पेंड, म्हणजे झोपतानाचा कोड, बघा. उठताना दिसणारी भानगड बहुतेकदा झोपतानाच होऊन गेलेली असते.

व्हीरॅमचंच घ्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं. एस-३ मध्ये, म्हणजे मशीनच्या गाढ झोपेत, त्याची वीज जाते आणि आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून ते आधी रॅममध्ये हलवावं लागतं. हे काम अनेक जण सस्पेंडच्या कॉलबॅकवर, म्हणजे झोपवताना कर्नल बोलावतो त्या फंक्शनवर, ढकलतात. तोवर डिस्क झोपलेली असू शकते, म्हणजे स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) गेला; रॅम भरलेली असली तर सामान ठेवायचं कुठे? त्याआधीच्या प्रिपेअरच्या टप्प्यातच हलवून मोकळे व्हा. रिकाम्या डेस्कटॉपवर तपासलंत तर हा बग कधीच सापडणार नाही. ब्राउझरचे ढीगभर टॅब उघडा, मग झाकण लावा.

दुसरी चूक इंटरप्टची, म्हणजे डिव्हाइस प्रोसेसरला मारतं त्या हाकेची. कार्ड डी-३ मध्ये, म्हणजे झोपेत, गेलं, पण हाकेला धावणारं फंक्शन, हँडलर, चालूच. इंटरप्ट लाइन शेअर्ड असेल तर शेजारच्या डिव्हाइससाठीही तो धावतो, झोपलेल्या कार्डाचं स्टेटस रजिस्टर वाचतो आणि उत्तर न आल्याने हाती येतात ३२ च्या ३२ बिट १. त्याला वाटतं सगळेच इंटरप्ट आलेत, आणि तो ते निस्तरत बसतो. झोपण्याआधी इंटरप्ट बंद करा, चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबा, आणि सगळे बिट १ दिसले तर मुकाट्याने परत फिरा.

लिनक्समधलं 'पीएम रनटाइम गेट सिंक' हे कार्डाला जागं करणारं फंक्शन फसलं तरी वापराचा काउंट वाढवून ठेवतं. एरर बघून तुम्ही फंक्शनमधून बाहेर पडलात, काउंट कमी करणारा पुट राहिला, की कार्ड पुन्हा झोपत नाही. तक्रार येते 'लॅपटॉप तापतो', आणि नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत ती कोण मनावर घेणार! ५.१० पासून 'पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट' आहे, तेच वापरा.

थांबण्यात कंजुषी नको. डी-३ हॉटमधून (थोडी वीज चालू असलेली झोप) डी-० ला (पूर्ण जागं) आल्यावर १० मिलिसेकंद, आणि ईडीपी पॅनेलची, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनची, वीज तोडून पुन्हा देण्याआधी ५०० मिलिसेकंदांपर्यंत. मशीन झोपेत असताना कोणी मॉनिटर बदललाही असेल, म्हणून उठल्यावर कनेक्टर नव्याने तपासा.

तपासणीसाठी कर्नलच्या 'पीएम टेस्ट' फाईलमध्ये 'डिव्हाइसेस' लिहून सस्पेंड करा. ड्रायव्हर झोपतात, ५ सेकंदांनी उठतात, मशीन मात्र चालूच राहतं. बूट करताना कर्नलला 'नो कन्सोल सस्पेंड' दिलंत तर शेवटच्या ओळीही लॉगमध्ये मिळतात. एवढ्यात निभावलं की रात्रभर आरटीसीवेक, म्हणजे मशीनला झोपवून ठरलेल्या वेळी उठवणारी कमांड, लावून ठेवा. एकदा चार्जरवर, एकदा बॅटरीवर, आणि एकदा बाहेरचा मॉनिटर जोडून.